मुलांची वाट आणि वडीलधाऱ्यांची चिठ्ठी

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की शेंद्रा पंचक्रोशीतील घराघरांतून एकच चर्चा ऐकू येते. अब्बांना वाटते, पोराने इंजिनीअर व्हावे. पोराच्या मनात दुसरेच असते. मुलगी म्हणते, मला शहरात जाऊन पुढे शिकावयाचे आहे. घरचे म्हणतात, शिकलीस तेवढे पुष्कळ झाले. अम्मी दोघांच्या मध्ये उभी असते. कोठे हा प्रश्न समजुतीने मिटतो, कोठे बापलेकांचे बोलणे बंद होते, आणि कोठे मुलगा मान खाली घालून वडिलांनी सांगितलेल्या शाखेत नाव घालतो व दोन वर्षांनी शिक्षण अर्धवट टाकून घरी परततो. पैसा जातो, वर्षे जातात, आणि मनात अढी राहते ती निराळीच.

या विषयावर उपदेश पुष्कळ होतो. प्रस्तुत लेखात उपदेशापेक्षा इतिहासाकडे वळावयाचे आहे. आपल्याच मुलुखात मुलांनी वडिलांची वाट सोडून दुसरी वाट धरली तेव्हा काय झाले, वडीलधाऱ्यांनी त्या वेळी काय केले, आणि त्यातून आपण आज काय घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धंदा नावातच होता

आपल्या गावाचे कागदोपत्री नाव ‘शेंद्रा कमंगर’. पूर्वी शेंद्रा म्हटले की लोकांना मांगीरबाबाची यात्रा आठवे. आता कारखाने आठवतात. परंतु नावातील ‘कमंगर’ या शब्दाकडे आपण क्वचितच लक्ष देतो. कमान म्हणजे धनुष्य. फारसीत कमानगर किंवा कमंगर म्हणजे धनुष्य तयार करणारा कारागीर. हे काम सोपे नव्हते. लाकूड, जनावराचे शिंग आणि स्नायू यांचे थर सरसाने एकमेकांस चिकटवावयाचे, ते सावकाश वाळू द्यावयाचे, मग त्यास बाक द्यावयाचा. एक उत्तम धनुष्य तयार होण्यास कित्येक महिने लागत. हा हुन्नर बापाकडून मुलाकडे जाई. दुसरी शाळा नव्हती आणि दुसरा पर्यायही नव्हता.

कमंगरच कशाला, आपल्या समाजातील आडनावे पाहा. अत्तार, तांबोळी, मणियार, बागवान, पिंजारी, शिकलगार, मोमीन, रंगरेज. आडनाव सांगितले की धंदा कळे. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यान असलेले कागजीपुरा हे गाव तर हाताने कागद करणाऱ्यांच्या नावानेच ओळखले जाते. मुलगा मोठा होऊन काय करणार, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या घरात निघतच नसे.

एखाद्या कमंगर बापाने आपल्या मुलास सांगितले असेल, ‘बेटा, लढाया कधी थांबावयाच्या नाहीत, तेव्हा आपला धंदा कधी बुडावयाचा नाही.’ बापाचे म्हणणे खोटे नव्हते. लढाया थांबल्या नाहीत. पण बंदूक आली आणि धनुष्य गेले. शिकलगाराची तलवार गेली. पिंजाऱ्याच्या धनुकलीच्या जागी यंत्र आले. औरंगाबादचे हिमरू कापड दूरवर नावाजले गेले, परंतु त्याचे हातमाग आज बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. ज्या बापांनी मुलांना धंदा शिकविला त्यांचे प्रेम कमी नव्हते. काळाचे पाऊल मात्र त्यांना दिसले नाही, आणि ते कोणासच अगोदर दिसत नाही.

सरकारी नोकरीची भाषा

आता नोकरीचे पाहू. आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा दीर्घकाळ फारसी होती. ज्या घरात फारसी, त्या घरात दप्तराची नोकरी, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि फारसीवर भरवसा ठेवून बसलेल्या घरांना नव्याने हिशेब मांडावा लागला.

पुढे १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, देण्याचा तो मोठा प्रयोग होता. शास्त्र, वैद्यक, कायदा, स्थापत्य या विषयांची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते काढण्यात आले होते. औरंगाबादला १९२३ साली इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले. तेच आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक हे या कॉलेजचे प्राचार्य होते. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे मुख्य कार्यालयही १९३८ साली दिल्लीस जाईपर्यंत औरंगाबादेतच होते. इंटर झाल्यावर पदवीसाठी हैदराबादेस जावयाचे आणि परत येऊन संस्थानात चांगल्या हुद्द्यावर लागावयाचे, हा त्या काळच्या होतकरू तरुणाचा राजमार्ग होता.

वाचकहो, समजा १९४० साली एखाद्या वडिलांनी मुलास सांगितले की, उर्दूतून शीक, सरकारी हुद्दा मिळव, जन्माची चिंता मिटेल. त्या वडिलांस कोण चुकीचे म्हणेल? त्या दिवशी त्याहून शहाणा सल्ला देता आला नसता. पण अवघ्या ८ वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. जुनी घडी मोडली. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, कित्येक कुटुंबांची वाताहत झाली. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम बदलून इंग्रजी झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि कारभाराची भाषा मराठी झाली. ज्या घरांनी मुलांना एकाच वाटेवर घातले होते, त्यांना या बदलाचा सर्वांत मोठा तडाखा बसला. हा आघात आपल्या समाजाने सोसलेला आहे, त्याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. म्हणून यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

शेतातून कारखान्यात

तिसरी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरची. जालना रस्त्यालगतच्या या शिवारात ज्वारी, बाजरी, तूर आणि कपाशी पिकत असे. मुलगा शेती करील, फार तर शिक्षक किंवा तलाठी होईल, याहून पुढे कोणाची दृष्टी जात नव्हती. औरंगाबादेत अगोदर रेल्वे स्टेशनच्या व चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती झाल्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आणि मग शेंद्र्याची पाळी आली. येथे पंचतारांकित औद्योगिक वसाहत झाली. २००१ साली स्कोडाच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यात शेंद्रा–बिडकीनची निवड झाली, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. २०२४ साली टोयोटा किर्लोस्करने याच जिल्ह्यात कारखाना काढण्याबाबत राज्य शासनाशी करार केला. २०२३ पासून शहराचे व जिल्ह्याचे नावही छत्रपती संभाजीनगर झाले आहे.

जमिनी संपादित झाल्या, मोबदला आला. ज्यांची कमाई जमिनीतून होती त्यांच्या मुलांना आता कमाई हुन्नरातून करावयाची आहे. आयटीआय केलेला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना या कारखान्यांत काम मिळाले. पण तेथेही काळ थांबलेला नाही. वेल्डिंगचे काम यंत्रमानव करू लागले, इंजिनाच्या मोटारीशेजारी विजेची मोटार येऊन उभी राहिली. आज ‘कंपनीत लाग, जन्माची ददात मिटेल’ असे सांगणारे वडील आणि १९४० साली ‘सरकारात लाग’ असे सांगणारे वडील यांच्यात फारसे अंतर नाही. दोघांचे प्रेम खरे, दोघांचा अनुभव खरा, आणि दोघांचा हिशेब मागल्या पिढीचा.

या तिन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच. जो धंदा आपल्या डोळ्यांना सुरक्षित दिसतो, तो आपल्या काळात सुरक्षित होता म्हणून दिसतो. मुलाला ३०–४० वर्षे पुढच्या काळात काढावयाची आहेत. तो काळ आपण पाहिलेला नाही. त्यानेही पाहिलेला नाही हे खरे. परंतु चालावयाचे त्यालाच आहे.

नकार आणि होकार

आपल्या शहरात डॉ. रफीक झकेरिया यांच्या प्रयत्नाने १९६३ साली कॉलेज निघाले, त्यास मौलाना आझाद यांचे नाव देण्यात आले. मराठवाड्यातील किती मुस्लिम घरांतील पहिला पदवीधर या कॉलेजातून बाहेर पडला असेल, याची गणती नाही. परंतु ज्यांचे नाव या कॉलेजास आहे, ते मौलाना स्वतः कोणत्याही कॉलेजात गेले नव्हते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

त्यांचे वडील मौलाना खैरुद्दीन मोठे विद्वान आणि पीर होते; त्यांचे मुरीद पुष्कळ होते. आधुनिक शिक्षणाने श्रद्धा डळमळेल असे त्यांना मनापासून वाटे, म्हणून मुलास घरीच जुन्या पद्धतीची तालीम देण्यात आली. पण मुलाच्या मनात जिज्ञासा होती. त्यांनी सर सय्यद अहमद खान यांचे लेखन वाचले, इंग्रजी स्वतःच्या प्रयत्नाने शिकले, आणि परंपरेने मिळालेल्या विचारांपासून आपण मोकळे झालो हे दर्शविण्यासाठी ‘आझाद’ हे नाव धारण केले. वडिलांच्या गादीवर न बसता त्यांनी १९१२ साली ‘अल-हिलाल’ हे पत्र काढले. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. वडिलांनी दिलेली अरबी-फारसीची पक्की तालीम त्यांना जन्मभर उपयोगी पडली, हेही तितकेच खरे. मात्र नव्या वाटेवर त्यांना एकट्याने चालावे लागले. प्रत्येक घरात आझाद जन्मत नाही. एकट्याने चालणारी शंभर मुले घेतली तर त्यांतील बहुतेक मध्येच थकतात.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे. तय्यबअली भाईमियाँ हे सुलेमानी बोहरा व्यापारी. स्वतः कष्टाने वर आलेले. त्या काळी मुंबईतील मुसलमान समाजात इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहिले जाई. व्यापाऱ्याचा मुलगा पेढीवर बसावा ही रीत. पण तय्यबअलींनी आपल्या मुलांना शिक्षणासाठी विलायतेस पाठविले. कमरुद्दीन हे १८५८ साली पहिले भारतीय सॉलिसिटर झाले. धाकटे बदरुद्दीन १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना शिक्षण मध्येच सोडून मायदेशी यावे लागले. असा प्रसंग आपल्या घरी आला असता तर आपण काय म्हटले असते? ‘बस झाले, आता दुकानात बैस.’ पण बदरुद्दीन पुन्हा विलायतेस गेले, आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले भारतीय बॅरिस्टर. १८८७ साली ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. ज्या मुलास घराने वाट मोकळी करून दिली, त्याने १८७४ साली भाऊ कमरुद्दीन व अन्य सहकाऱ्यांसह अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि समाजातील हजारो मुलांची वाट मोकळी केली. आपल्या मुलींनाही त्यांनी शिकविले. १९०४ साली दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. एका घरातील होकार किती घरांपर्यंत पोहोचतो, हे यावरून दिसते.

एका चिमणीची गोष्ट

शहरात दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेसमोर, जो तलाव आहे त्यास सलीम अली सरोवर म्हणतात. तेथून जाणाऱ्या आपल्या मुलांना विचारा, हे सलीम अली कोण? फार थोड्यांना सांगता येईल.

डॉ. सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईवडील अगदी लहानपणीच वारले, म्हणून मामू अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढविले. घर खेतवाडीत. शाळकरी वयात सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असा पक्षी खाणे योग्य की अयोग्य, असा मुलास प्रश्न पडला, म्हणून तो ती घेऊन मामूंकडे गेला.

मामूंना तो पक्षी ओळखता आला नाही. वाचकहो, या क्षणी मामूंनी काय केले याकडे लक्ष द्या. ‘पक्षी कसले पाहतोस, अभ्यास कर’ असे ते म्हणाले नाहीत. आपल्याला कळते असा आवही त्यांनी आणला नाही. ज्याला कळते त्याच्या नावाने त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड नावाच्या साहेबांकडे गेला. साहेबांनी पक्षी ओळखला, पेंढा भरून ठेवलेले पक्ष्यांचे नमुने दाखविले, आणि एका मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली.

पण ही वाट सरळ नव्हती. डोकेदुखीच्या विकारामुळे शिक्षणात खंड पडला. मॅट्रिक १९१३ साली जेमतेम पार पडली. झेव्हियर कॉलेजातील पहिले वर्ष जड गेले, तेव्हा कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. तेथे धंद्यापेक्षा रानातील पक्ष्यांकडेच त्यांचे लक्ष अधिक. १९१७ साली परत आले. दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबनिशी शिकू लागले. फादर ब्लाटर यांनी त्यांची खरी आवड ओळखून प्राणिशास्त्राकडे वळविले, तेव्हा त्यांनी दोन्ही अभ्यास एकाच वेळी केले. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यातील जागा मिळाली नाही. १९२६ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढे जर्मनीस जाऊन अभ्यास केला. १९३० साली परत आले तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

वय तेहतीस, संसार पाठीशी, हातात नोकरी नाही. आपल्या मोहल्ल्यात अशा माणसाला लोक काय म्हणतील ते सांगणे नलगे. पण पत्नी तहमीना बेगम यांनी साथ सोडली नाही. दोघे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तेथे दारासमोर सुगरणींची घरटी होती. त्यांचा बारकाईने केलेला अभ्यास सलीम अलींनी प्रसिद्ध केला आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले. १९३१ साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी हाती घेतली, आणि औरंगाबाद तेव्हा त्याच संस्थानात होते. १९३९ साली तहमीना बेगम वारल्या, तेव्हा बहीण कमू व मेहुणे यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. आजही हौशी माणूस पक्षी ओळखू लागतो तो याच पुस्तकाच्या आधाराने. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे सन्मान त्यांना लाभले.

शाळकरी वयातील त्या चिठ्ठीपासून पुस्तकापर्यंत ३० वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात मामू, मामी, भाऊ, पत्नी, बहीण, मेहुणे यांनी त्यांच्यासाठी पक्षिशास्त्र शिकून घेतले नाही. त्यांनी घराचे दार उघडे ठेवले, एवढेच. परंतु हे ‘एवढेच’ फार मोठे होते.

ते श्रीमंत होते, आम्ही गरीब

येथे कोणी म्हणेल, तय्यबजी घराणे मोठे, त्यांना परवडले. कर्ज काढून फी भरणाऱ्या माणसाने काय करावे? हा प्रश्न रास्त आहे व त्यास उत्तर दिलेच पाहिजे.

त्यासाठीही लांब जावयास नको. औरंगाबादेत १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढले; तेच मिलिंद महाविद्यालय. येथे वसतिगृहात राहून शिकलेली मुले मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आली होती. कित्येकांच्या घरी जमीन नव्हती. मुलगा कॉलेजास गेला म्हणजे कमावते दोन हात कमी झाले, आणि गावकीच्या कामास नाही म्हणण्याची जोखीम पत्करावी लागली. तरीही त्या अक्षरशत्रू आईबापांनी मुलांना जाऊ दिले. त्यांतून प्राध्यापक झाले, अधिकारी झाले, लेखक झाले. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले आणि नव्या लेखकांची एक पिढी उभी केली.

खुद्द बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे पेन्शनीवर घर चालवीत. मुलाला पुस्तके हवीत म्हणून लेकींचे दागिने मागून घेऊन ते गहाण ठेवीत. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी भीमरावांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजी नात्याचे नव्हते, जातीचे नव्हते. येथेही पुन्हा तीच गोष्ट दिसते. वडिलांचा होकार होता, आणि ज्याला दार ठाऊक होते अशा माणसाने दारापर्यंत नेले.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे वडील रामेश्वरमला नावेवर पोट भरणारे. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला, पण फीचे सुमारे १००० रुपये घरात नव्हते. बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवून ते दिले. बहिणीस विमानविद्या ठाऊक नव्हती. भाऊ ठाऊक होता.

होकार म्हणजे काय

पालक बंधूंनो व भगिनींनो, मुलाच्या निवडीस होकार देणे म्हणजे मौन धरणे नव्हे, अथवा तो म्हणेल त्याला मान डोलावणे नव्हे. विचारण्याचा आपला हक्क आहे व तो बजावलाच पाहिजे. कोणता कोर्स आहे, संस्था मान्यताप्राप्त आहे का, किती वर्षे लागतील, खर्च किती, शिष्यवृत्ती कोणती, आणि नाही जमले तर पुढे काय, हे प्रश्न विचारावेत. मुलांनीही प्रामाणिक उत्तरे द्यावीत. गुणपत्रिका लपवावयाची, फीचा आकडा वाढवून सांगावयाचा आणि वर स्वातंत्र्य मागावयाचे, हे योग्य नाही. ज्याला स्वतःची निवड हवी, त्याने तिचा हिशेबही स्वतः द्यावा. परंतु प्रश्नोत्तरे झाल्यावर सज्ञान मुलाचा किंवा मुलीचा शेवटचा शब्द आपण मान्य करावा. मग जे यश येईल ते घराचे, आणि अपयश आले तर तेही घराचेच मानावे. ‘आम्ही सांगत होतो’ हे वाक्य तेवढे घरातून काढून टाकावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलासाठी आपण कर्ज काढतो आणि मुलीसाठी अंतर मोजतो. शेंद्र्याहून शहर फार दूर नाही. आपले मन तेवढे दूर आहे. तिच्यासोबत जाणाऱ्या दोन मैत्रिणी, बसची वेळ, वसतिगृहाची माहिती, ही व्यवस्था पाहणे हे आपले काम आहे. अडचण सांगून कॉलेज बंद करण्याऐवजी अडचण दूर करावी.

आता चिठ्ठीविषयी. आपल्यातील पुष्कळ पालक शिकलेले नाहीत. मुलगा डिझाइन, विमा, प्रयोगशाळा, संगणक असे शब्द बोलतो, ते आपल्या कानांना परके वाटतात. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. अमीरुद्दीन मामूंनाही चिमणी ओळखता आली नव्हती. परंतु त्यांना माणूस ठाऊक होता. आपल्या पंचक्रोशीतही माणसे आहेत. कोणी कारखान्यात सुपरवायझर आहे, कोणी सिव्हिल हॉस्पिटलात परिचारिका, कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी बँकेत. आपल्या संस्थेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची, ते काय करतात व कोठे भेटतील याची एक वही शाळेत ठेवली, आणि दर निकालाच्या दिवसांत मुलांना त्यांच्याकडे पाठविले, तर खर्च काहीच नाही व लाभ मोठा आहे. संस्थेच्या चालकांनी या सूचनेचा अवश्य विचार करावा, अशी विनंती आहे.

या गावाच्या नावात धनुष्यकर्त्यांचा धंदा आहे, आणि त्याच्या शिवारात मोटारी तयार होतात. मधल्या काळात किती वडिलांनी मुलांना जुन्या कामावर बसविले आणि किती जणांनी जाऊ दिले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पण आज आपण जे आहोत ते जाऊ देणाऱ्यांमुळे आहोत. यंदाच्या निकालानंतर आपला मुलगा किंवा मुलगी समोर येऊन काही सांगू लागेल, तेव्हा अगोदर पूर्ण ऐकून घ्यावे, आणि नाही कळले तर ज्याला कळते त्याच्या नावाने चिठ्ठी द्यावी. एवढेच मागणे आहे.